वणव्याच्या दिवसांत वाडीची तयारी : जाळरेषेपासून पंचनाम्यापर्यंत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील आंबा-काजूच्या बागा बहुधा सड्याला (जांभ्याच्या उघड्या माळाला) किंवा डोंगरउताराला लागून असतात. त्यामुळे सड्यावरचे कंबरभर वाळलेले गवत पेटले की आग बागेत शिरण्यास वेळ लागत नाही. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो आणि काजूची वेचणीही नेमकी याच काळात चालते. आपल्याकडचे बहुतेक सगळे वणवे माणसामुळेच लागतात: बांधावर पेटवलेला पालापाचोळा, टाकलेली विडी, शिकारीसाठी लावलेली आग, वीजवाहिनीची ठिणगी, किंवा जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते हा जुना समज.

बागेभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा, दिवाळीनंतर लगेच, गवत पुरते वाळण्यापूर्वी काढावी. तिची रुंदी निदान १० ते १५ फूट असावी आणि उताराच्या खालच्या अंगाला ती याहून अधिक ठेवावी, कारण आग चढावर जितक्या वेगाने धावते तितक्या वेगाने उतारावर येत नाही. गवत नुसते कापून तिथेच पाडून ठेवले, तर जाळरेषेचा उपयोग शून्य; ते गोळा करून बाहेर काढावे लागते. ऐन, किंजळ यांची पाने नंतरही गळत राहतात, म्हणून मार्चपर्यंत दर पंधरवड्याला पट्टा पुन्हा झाडणे आवश्यक आहे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे नेमके तेच राहून जाते. आपल्या जमिनीतील पट्टा जाळून साफ करण्यापेक्षा कापून साफ करणेच शहाणपणाचे ठरते. वनजमिनीवरील जाळरेषा वन विभागानेच काढावयाची असते.

गवताच्या आणि पेंढ्याच्या उडव्या घरापासून व गोठ्यापासून दूर, एकमेकींत अंतर ठेवून रचाव्यात. पन्हळीत साठलेली पाने काढून टाकावीत. भाताच्या राबाची भाजावळ (रोपांसाठीच्या जागेवर पालापाचोळा जाळणे) टाळता येत नसेल, तर ती सकाळी, वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना आधी सांगून आणि पाण्याचे पिंप जवळ ठेवून करावी. निखारे विझल्याची खात्री होईपर्यंत तेथून हलू नये. राखीव वनात आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, हेही वाडीत सर्वांना ठाऊक असावे.

आग लागल्यावर कोयता आणि पाणी यांच्याइतकीच महत्त्वाची असते ती बातमी, आणि गावे सर्वांत कमी तयारी याच बाबतीत करतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना भ्रमणध्वनीवर पाठवते. त्यासाठी नावनोंदणी अवश्य करावी, परंतु उपग्रह दिवसातून काही ठराविक वेळाच डोक्यावरून जातो, त्यामुळे दुपारी लागलेली आग सड्यावरच्या गुराख्याला त्याच्या आधी दिसू शकते. म्हणून त्या गुराख्याने कोणाला फोन करावयाचा, हे हंगामापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. प्रत्येक वाडीतील दोन माणसे नेमावीत. त्यांनी पोलीस पाटील, सरपंच आणि वनरक्षक यांना कळवावे. वन विभागाचा निःशुल्क क्रमांक १९२६ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ हे दोन्ही सर्वांच्या फोनमध्ये असावेत. तार तुटली असेल किंवा रोहित्राजवळ आग असेल, तर महावितरणच्या १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा आणि तोवर तेथे पाणी मारू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डोंगर पेटला, लवकर या’ एवढेच लिहिल्याने माणसे चुकीच्या वाटेने धावतात. संदेशात जागेचे स्थानिक नाव, पाहिल्याची वेळ, आग कोणत्या बाजूला सरकते आहे, वारा कोणता आहे आणि जमायचे कोठे, एवढे असले की पुरे. गेल्या वर्षीची छायाचित्रे त्याच दिवशी फिरू लागतात, म्हणून छायाचित्रासोबत वेळ लिहिण्याची शिस्त लावावी. जेथे रेंज नाही तेथे मंदिरावरचा ध्वनिक्षेपक किंवा घंटा कामी येते. आग विझल्याचा निरोपही तितक्याच तत्परतेने गेला पाहिजे, अन्यथा मुंबईतील चाकरमान्यांचे फोन रात्रभर चालू राहतात.

विझवण्यास जाणाऱ्यांनी सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत; नायलॉन वितळून अंगाला चिकटते. एकट्याने जाऊ नये, आणि परतीची वाट आधी पाहून ठेवावी. हिरव्या डहाळ्यांनी किंवा ओल्या गोणपाटाने ज्वाळा मागून व बाजूने झोडपाव्यात. आगीच्या समोर, विशेषतः चढाच्या वरच्या अंगाला किंवा घळीत, कधीही उभे राहू नये. तमिळनाडूतील कुरंगणी येथे मार्च २०१८ मध्ये डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. किनाऱ्याजवळ दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आगीला डोंगराकडे लोटतात आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सुटले की तिचा रोख वाडीकडे वळू शकतो, हे संध्याकाळी ‘आता आग लांब गेली’ म्हणून घरी निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ज्वाळा माणसाच्या उंचीवर गेल्या असतील, तर झोडपण्याचा हट्ट सोडून मागे सरावे आणि जाळरेषेवर आग अडवावी. समोरून उलटी आग लावण्याचा प्रयोग प्रशिक्षित वनकर्मचाऱ्यांवर सोपवावा. वाडीत राहिलेल्यांनी गुरांची दावी सोडावीत आणि वृद्धांना व लहान मुलांना आधीच हलवावे.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी वाळके खोड, मुळ्या आणि शेण आतून धुमसत राहतात. निदान दोन माणसांनी रात्री पहारा द्यावा आणि सकाळी कडेने फिरून गरम जागा माती व पाणी टाकून विझवाव्यात. पोकळ जळालेल्या झाडाखाली थांबू नये.

बागेचे नुकसान झाले असेल, तर जळालेली झाडे तोडण्यापूर्वी छायाचित्रे काढून तलाठी आणि कृषी सहायक यांना कळवावे व पंचनामा करून घ्यावा. झाडांची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर पंचनाम्याच्या वेळी वाद होतो, म्हणून ई-पीक पाहणीत (मोबाइल अ‍ॅपवरील पीकनोंदणीत) बागेची नोंद वेळीच करावी. त्याचबरोबर प्रत्येक वणव्याची जागा, वेळ, कारण आणि तो कोठे अडला हे ग्रामपंचायतीतील एका वहीत लिहून ठेवावे. ही वही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे आली, तर आग दरवर्षी कोणत्या बाजूने चढते ते सर्वांना दिसते आणि त्या बाजूची जाळरेषा कोणत्या वाडीने काढावयाची, हे गवत वाळण्यापूर्वी वाटून घेता येते.