अंतराळवीर व्हायचंय? मग अकरावीला गणित सोडू नका

"सर, अंतराळवीर व्हायला ॲडमिशन कुठे घ्यायची?" शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये अवकाश स्थानकावर १८ दिवस राहून परतले, तेव्हापासून माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या शिकवणीत हा प्रश्न दर बॅचला येतो. "कुठेच नाही," असं सांगितलं की मुलांचे चेहरे उतरतात.

अंतराळवीराचा कोर्स नसतो. आधी दुसऱ्या एखाद्या कामात मुरायचं असतं. अशा मुरलेल्या माणसांतून मोजके निवडले जातात. शुक्ला २००६ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. मग लढाऊ विमानं, मग चाचणी वैमानिकाचं काम, सुमारे दोन हजार तासांचं उड्डाण. अवकाशात गेले तेव्हा वय ३९. तेव्हा घाई नाही, पण काही दारं मात्र फार लवकर बंद होतात आणि ती बंद झाल्याचं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. हा लेख मुख्यतः त्या दारांबद्दल आहे.

पहिली पायरी : डोळे तपासा

आठवी-नववीतच नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन नंबर तर बघाच, शिवाय रंग ओळखण्याची चाचणी मुद्दाम करून घ्या. ती कुणी आपणहून करत नाही. हवाई दलाच्या वैमानिक शाखेला दृष्टीचे निकष कडक असतात आणि उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. चष्मा लागलाच तर रडत बसू नका. बाकीचे रस्ते पुढे सांगतो.

दुसरी पायरी : अकरावीचे विषय

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच चुकतात. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की घरात डॉक्टरकीचं वारं शिरतं. नीटच्या क्लासची फी भरली जाते आणि "गणिताचं ओझं कशाला" म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतलं जातं. त्या दिवशी एनडीएमार्गे (म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दलाचा दरवाजा बंद झाला, कारण तिथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही सक्तीचे आहेत. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन वैमानिक होता येतं, पण तिथेही बारावीच्या या दोन विषयांत प्रत्येकी ५० टक्के मागतात. अभियांत्रिकीला तर गणिताशिवाय पान हलत नाही.

जीवशास्त्राची खरीच आवड असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. दमायला होतं, हे कबूल. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षं कळव्याहून पहाटेची लोकल पकडून यायची आणि अर्धी झोप गाडीत पुरी करायची. पण तिच्या हातात दोन्ही किल्ल्या राहिल्या.

तिसरी पायरी : नववीचं वर्ष वाया घालवू नका

इस्रोचा 'युविका' हा कार्यक्रम फक्त नववीच्या मुलांसाठी असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहून शिकायचं, खर्च इस्रोचा. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान स्पर्धांतला सहभाग वगैरे धरतात. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांना जादा गुण मिळतात, त्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांतल्या मुलांनी तर अर्ज चुकवूच नये. नोंदणी बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होते, म्हणजे नेमकी वार्षिक परीक्षेच्या गडबडीत. इस्रोच्या संकेतस्थळावर पालकांनी नजर ठेवावी.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते. तिच्या लेखी फेरीसाठी क्लास लावणारे भरपूर भेटतात. मला महत्त्वाची वाटते ती प्रात्यक्षिकाची फेरी, कारण तिथे हात चालवावे लागतात.

खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची पहिली परीक्षा साधारण नोव्हेंबरात होते. ऑलिंपियाडचं काम जिथून चालतं ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे : ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशी, तिथून खाडीपूल ओलांडला की पुढचंच स्टेशन. नवी मुंबईकरांना तर ते अंगणातच.

जाता जाता शाळांमधून विकल्या जाणाऱ्या 'नासा सहली'बद्दल. परवडत असेल तर खुशाल जा, मजा येते. पण ते पर्यटन आहे. त्या फोटोचा आणि प्रमाणपत्राचा निवडीशी काडीचा संबंध नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने त्यासाठी कर्ज काढलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. त्यापेक्षा कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणीला उतरून एक रात्र आकाशदर्शन करा. ठाण्याच्या उजेडात न दिसणारे तारे तिथे दिसतात.

चौथी पायरी : हवाई दल

गगनयान या भारताच्या मानवी अवकाश मोहिमेसाठी निवडलेले चौघेही, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, हवाई दलाचे चाचणी वैमानिक. म्हणून भारतात आजवर मळलेली वाट हीच. बारावीत असतानाच एनडीएचा अर्ज भरता येतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० आणि मुलाखत ९००. म्हणजे अर्धे गुण पाच दिवस चालणाऱ्या त्या मुलाखतीत, एसएसबीत, आहेत, आणि आपली मुलं तयारी करतात फक्त लेखीची! मुलींनाही हा रस्ता खुला आहे. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली.

वैमानिक शाखेसाठी यंत्रावर एक वेगळी चाचणी होते. तीत एकदा नापास झालात की वैमानिकपदासाठी पुन्हा संधी नाही. म्हणून "सहज देऊन बघू" म्हणत झोप न काढता जाऊ नका.

दहावीतल्या मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला, मुलींची नाशिकला. प्रवेश परीक्षेने मिळतो.

पाचवी पायरी : वैमानिक नाही झालो तर?

तिरुअनंतपुरमची अवकाश विज्ञान-तंत्रज्ञान संस्था आयआयएसटी (प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून) किंवा घोडबंदरहून दिसत नसली तरी बसने गाठता येणारी पवईची आयआयटी. पवईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' उपग्रह सप्टेंबर २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. चंद्रावर २०४० पर्यंत भारतीय माणूस उतरवायचं आणि त्याआधी, २०३५ पर्यंत, स्वतःचं स्थानक उभारायचं भारताचं उद्दिष्ट आहे. स्थानक म्हटलं की प्रयोग करणारी, यंत्रं दुरुस्त करणारी माणसंही लागतात. आजचा आठवीतला मुलगा तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असेल.

नासाचं म्हणाल तर तिथे चष्मा चालतो, पण अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. कल्पना चावला चंदीगडहून एरोनॉटिकल इंजिनिअरिंग करून गेल्या आणि तिकडच्या नागरिक झाल्यावरच निवडल्या गेल्या. अमेरिकी अंतराळवीर क्लेटन अँडरसन यांनी पंधरा वेळा अर्ज केला, तेव्हा कुठे नंबर लागला.

सहावी पायरी : पाणी आणि पाय

पोहायला शिका. नासाच्या नव्या उमेदवारांना २५ मीटरच्या तलावात न थांबता तीन फेऱ्या माराव्या लागतात, मग तेवढ्याच फ्लाइट सूट आणि बूट घालून, वर दहा मिनिटं पाण्यात उभ्याने तरंगायचं. स्पेसवॉकचा सरावही ह्यूस्टनच्या १२ मीटर खोल तलावात होतो. महापालिकेच्या तरण तलावाचा पास काढा आणि पावसाळ्यातही सोडू नका. जोडीला ठाण्याच्या येऊर टेकडीचा चढ आहेच. वर हवाई दलाचा तळ लागतो, पाटी वाचून हुरूप येतो. अवकाशात वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक टक्का किंवा जास्त घटू शकते, म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. जिन्याला कंटाळणाऱ्याने त्याचा विचार आत्ताच करावा.

सातवी पायरी : लोकलच्या चौथ्या, अवघडलेल्या सीटवर बसायची सवय

शुक्लांचं प्रक्षेपण २९ मे रोजी व्हायचं होतं, झालं २५ जूनला. तो महिनाभर त्या यानातून जाणारे चौघेजण विलगीकरणात, रोज नवी तारीख ऐकत. प्रशांत नायर त्यांचे राखीव. तेच प्रशिक्षण घेतलं, पण यान गेलं तेव्हा ते जमिनीवर होते आणि मित्राच्या मोहिमेसाठी काम करत होते. हा स्वभाव पुस्तकाने येत नाही. एनसीसी, नाटकाचा बॅकस्टेज, दहीहंडीच्या थरातली खालची रांग, जिथे आपलं नाव पुकारलं जात नाही अशा जागी वर्षभर टिकून बघा. घरी मिक्सर बिघडला की दुकानात नेण्याआधी प्लग काढून स्वतः उघडा.

आणि आज संध्याकाळी एक काम. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर मुंबई टाकून अवकाश स्थानक कधी दिसणार ते बघा. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, आभाळ स्वच्छ असेल तर ते साध्या डोळ्यांनी दिसतं. दिवा लुकलुकला तर ते विमान. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने, ४०० किलोमीटर उंचीवरून ते चार-सहा मिनिटांत गच्ची ओलांडून जातं. वेळेवर गच्चीत असा, कारण ते आपल्या १०.१४ च्या लोकलसारखं उशिरा येत नाही.