मोह्स स्केल आणि माझी पुसली गेलेली रेघ

खनिजांच्या कडकपणाचा मोह्सचा तक्ता तुम्हाला पाठ असणारच, संगजिरं १ पासून हिरा १० पर्यंत, जास्त आकड्याचं कमी आकड्याच्यावर चरा पाडतं, तो परत सांगत नाही. मी एफवायच्या प्रॅक्टिकलला कशी तोंडावर आपटले ते सांगते.

ट्रेमध्ये एक दुधी पांढरा तुकडा होता. काचपट्टीवर दाबून ओढला, झक्क पांढरी रेघ. काच साधारण साडेपाच, म्हणजे हा तिच्यापेक्षा कडक, ठोकलं क्वार्ट्झ (७ वालं)! बाहेरून आलेल्या सरांनी काही न बोलता अंगठा ओला केला आणि पट्टीवरून फिरवला. रेघ गायब. काच जशीच्या तशी, तुकडाच झिजून त्याची पूड वर बसली होती. कॅल्साइट होतं ते, ३ वालं.

कळव्याला घरी येऊन रागारागात आईच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सुरी ओढली तर करडी रेघ, आई अशी ओरडली की बस, पण ओल्या फडक्याने पुसली तर ओटा चकाचक, कारण सुरी साडेपाचच्या आसपास आणि ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, म्हणजे रेघ सुरीच्याच लोखंडाची. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

त्यामुळे रेघ दिसली की आधी पुसा. मग नख फिरवा, अडकलं तरच चरा. लेन्सने बघा, आणि मग उलटं करा, काचेच्या कडेने तुकड्यावर ओढा. जागा ताजी फुटलेली घ्या, वरचा कुजकट थर नेहमी मऊ लागतो.

आणि सीनियरच्या नोट्सवर जाऊ नका प्लीज. त्यात 'नाणं = ३' असतं, ते तांब्याच्या नाण्याचं आहे, आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा! ३ तपासायला इलेक्ट्रिकच्या दुकानातून जाड तांब्याच्या वायरचा तुकडा आणा, महागडा किट कशाला.

घाबरू नका, माझे त्या एका तुकड्याचे मार्क गेले, बाकी पास झाले. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मात्र 'हिरा कुरुंदापेक्षा (९ वालं) एकच पायरी वर' असं बोलू नका, १८१२ चा हा स्केल फक्त क्रम सांगतो, टोक दाबून खळगा मोजला तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कडक निघतो. कायनाइट हे खनिज आलं तर एक आकडा लिहून मोकळे होऊ नका, लांबीच्या दिशेने सुरीचा चरा पडतो, आडवा पडत नाही, दोन्ही लिहा.