कबुतरांसाठी हलकी लाकडी पेटी करताना या चुका टाळा

कबुतरं इकडून तिकडे न्यायला हलकी पेटी करायची म्हटलं की बरेच जण कडी, मूठ, खिळे यांत काटकसर करतात आणि तळाला मात्र 12 मिमीचं प्लायवूड ठोकतात. वजन तर तिथेच असतं. 80 सेंमी लांब, 40 रुंद, 24 उंच अशी दहा कबुतरांची पेटी सगळीकडून 12 मिमी प्लायची केली, तर नऊ किलोच्या आसपास जाते. दहा पक्षी मिळून भरतात साडेचार-पाच किलो. म्हणजे उचलायला पक्ष्यांपेक्षा लाकूडच जास्त! 20 मिमी चौरस पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा, तळाला आणि छताला 4 मिमी प्लाय, बाजूंना गोल दांड्या, एवढ्यात तीच पेटी चार किलोच्या आसपास होते. तळ झोल खात असेल तर प्लाय जाड करू नका, खालून मधोमध एक आडवी पट्टी चिकटवा. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) वाटेला जाऊ नका. ते जड असतं आणि ओल लागली की कडा फुगतात.

पट्टी चिरते ती बहुधा टोकाजवळ थेट खिळा ठोकल्यामुळे. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा. सांध्याची खरी ताकद गोंदात असते, खिळा फक्त गोंद वाळेपर्यंत धरून ठेवतो. मूठ नुसत्या पातळ प्लायला कसली तर भरलेली पेटी उचलताना ती हातात येणार. स्क्रू पट्टीत गेलाच पाहिजे.

पक्ष्यांना ऐसपैस वाटावं म्हणून उंची वाढवणं ही प्रेमापोटी होणारी चूक. जास्त उंचीत ते एकमेकांच्या अंगावर चढतात, पंख फडफडवतात आणि पिसं मोडून घेतात. 23 ते 25 सेंमी पुरे. उभं राहता आलं पाहिजे, उडी मारता येऊ नये.

सगळ्यात महाग पडते ती हवेची चूक. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, चोच उघडून धापा टाकणं हा त्यांचा थंड होण्याचा एक मुख्य मार्ग. पेटी बंदिस्त असेल तर आतली हवा दमट होते आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. झरोके छताला ठेवले की वर दुसरी पेटी चढताच ते बंद. एकाच बाजूला ठेवले तर हवा आरपार जात नाही. दोन्ही लांब बाजू उघड्या ठेवा आणि बाहेरून दोन-तीन सेंमी पुढे येणाऱ्या पट्ट्या लावा, म्हणजे पेट्या शेजारी रचल्या तरी फट राहते.

दांड्यांमधलं अंतर अंदाजाने घेऊ नका. पाण्याचं भांडं बाहेर टांगायचं त्या बाजूला डोकं सहज आतबाहेर व्हावं, साधारण साडेचार सेंमी. बाकी ठिकाणी दोन सेंमीच्या आत. मधलं अंतर घातक: डोकं जोर लावून बाहेर येतं आणि परत जात नाही. दांड्यांऐवजी तारेची जाळी लावली तर चोच आणि शेपटीची टोकं घासतात.

तळावर पाय घसरत असतील तर गुळगुळीत वर्तमानपत्र काढून नालीदार पुठ्ठा किंवा रंध्याचे छिलके टाका. करवतीचा बारीक भुसा श्वासात जातो, तो नको.

सरकतं दार पावसाळ्यात अडकतंय? खाचेत दोन-तीन मिमी मोकळीक हवीच. तेवढंही पुरलं नाही तर दाराच्या कडा रंध्याने किंचित उतरवा आणि उघडं पडलेलं लाकूड जवसाच्या तेलाने पुसून घ्या. तेलाचा वास पूर्ण गेल्याशिवाय आत पक्षी ठेवू नका.