रीफ पोहून गाठता येते का, हे आधी विचारा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. दिवसभर हायड्रॉलिकचे वॉल्व्ह आणि ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या, यांच्याशी झटापट. पोहायला शिकलो वडगावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. काकांनी वरून ढकललं आणि ‘हात मार की’ म्हणाले, एवढंच शिक्षण. समुद्राच्या आत पहिल्यांदा डोकं घातलं तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. तेव्हापासून दर दिवाळीच्या आसपास कुणीतरी दुकानात येऊन बसतं, चहा घेतं आणि विचारतं, ‘डायव्हिंगला कुठं जाऊया?’

कुठं ते नंतर बघू. आधी विचारायचं ते हे, की रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग, किनाऱ्यापासून किती लांब आहे.

माझी खोड मोडली ती नेत्राणीला. बेट मुरुडेश्वरपासून साधारण 19 किलोमीटर आत. मासे चिक्कार, पाणीही आपल्या किनाऱ्याच्या मानानं चांगलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी वारा सुटलेला. तासाभराचा प्रवास दीड तासावर गेला आणि बायको बोटीच्या कठड्याला धरून म्हणाली, ‘अहो, मासे बघायला आलोय की ओकायला?’ मला पाण्यात मिळाली वीस मिनिटं, त्यातली पहिली पाच नाक दाबून कान मोकळे करण्यात गेली. बोट म्हणेल तेव्हा उतरायचं, बोट म्हणेल तेव्हा वर यायचं.

रीफ किनाऱ्यालाच असली की सगळं बदलतं. सकाळी सहाला वारा पडलेला असताना उतरता येतं. कान नाही सुटले तर बाहेर यायचं, पोहे खायचे, दुपारी पुन्हा जायचं. ज्यांना पोहता येत नाही ते झाडाखाली बसतात आणि पोरं कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून पोपटमासा बघतात.

मग गोवा का नको, घाट उतरला की समुद्रच आहे, असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर आपल्याच खानापूर तालुक्यात आहे. भीमगडच्या जंगलात पडलेला पाऊस म्हादईतून वाहतो, तीच पुढं मांडवी होते आणि गाळासकट गोव्याच्या समुद्रात जाते. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही, वर गाळ बसला की जीव गुदमरतो. म्हणून आपल्या पट्टीला प्रवाळ आहे तेही तुकड्या-तुकड्यांत, बेटांच्या आणि खडकांच्या आडोशाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे, 1987 साली तिथं सागरी अभयारण्यही जाहीर झालं. पण बऱ्याचदा चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. श्वास घ्यायला शिकायला मालवण-तारकर्ली उत्तम, तिथला खर्चही झेपतो. भिंतीसारखी रीफ बघायची असेल तर मात्र लांब जावं लागतं.

जागा निवडताना मी जाहिरातीतले फोटो बघतच नाही. फोनवर नकाशा उघडायचा आणि उपग्रहाचं चित्र लावायचं. किनाऱ्यालगत फिकट निळं दिसतं ती वाळू. त्यात तपकिरी डाग दिसले तर ते प्रवाळ किंवा समुद्रगवत. आणि जिथं फिकट रंग एकदम गडद निळा होतो, ती रेघ म्हणजे रीफची कड. मासे तिथं. नकाशातच अंतर मोजायची सोय असते, वाळूपासून त्या रेघेपर्यंत मोजा. 50 मीटर आलं तर बॅग भरा. 300-400 मीटर आलं तर समजा की मधे उथळ तळं आहे, म्हणजे लगून. पोरांना डुंबायला छान, पण कड गाठायला पुन्हा बोटच. मालदीवमध्ये इथंच माणूस फसतो. पाण्यावरच्या झोपड्यांचे सुंदर फोटो असतात ते बहुधा रुंद लगूनच्या बेटांचे. तिथं ‘हाउस रीफ’, म्हणजे राहत्या जागेवरून पोहून गाठता येईल अशी रीफ, आहे का, कडेपर्यंत जायला वाट कापलेली आहे का आणि ओहोटीला ती वाट पोहण्याएवढी खोल राहते का, हे तीन प्रश्न लेखी विचारायचे. उत्तर गोलमाल आलं की पुढचं बेट.

मी बघितलेल्यांत पहिला नंबर बालीच्या तुलांबेनचा. 1942 च्या जानेवारीत जपानी टॉर्पेडो लागलेलं लिबर्टी नावाचं अमेरिकन जहाज तिथं किनाऱ्यावर ओढून ठेवलेलं होतं. 1963 साली आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आज किनाऱ्यापासून जेमतेम 30 मीटरवर आहे, आणि लोखंड सगळं प्रवाळानं मढलेलं. किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे, रबरी बूट लागतातच. तिथल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन गोट्यांवरून चालतात, आपल्याकडं घागर नेतात तशा; मी रिकाम्या हातानं दोनदा पडलो. अंदमानात शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील, कुटुंबाला सोपं. लक्षद्वीपला परमिट लागतं, त्याची तयारी बरीच आधी करावी. श्रीलंकेत पूर्व किनारा मे ते सप्टेंबर आणि नैऋत्य किनारा नोव्हेंबर ते एप्रिल, उलटं केलं तर पैसे पाण्यात. इजिप्तचं दहाब किनाऱ्यावरून उतरायला नावाजलेलं, पण हिवाळ्यात पाणी 21-22 अंशांवर येतं, जाड रबरी सूट लागेल. अंदमान-बालीला 27 ते 29 अंश असतं. तरी पातळ सूट घाला. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढतं, तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात.

तारीख ठरवताना मी पंचांग काढतो, त्यावर दुकानातली पोरं हसतात. पण अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ओढतं आणि ढवळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. नवख्यानं अष्टमी धरावी.

आणखी एक, शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि आपल्या बाजूचा समुद्र तेव्हाच सगळ्यात तापलेला असतो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त ताप काही आठवडे टिकला, तरी प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998, 2010, 2016 आणि 2024, चारही वेळा जगभर हे झालं. म्हणून ‘गेल्या तीन महिन्यांतला, तारखेसकट फोटो पाठवा’ असं मी सांगतो. पांढरा सांगाडा किंवा त्यावर मळकट लव दिसली तर जाऊ नका. मेलेलं असो की जिवंत, प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. सिलिंडरमध्ये हवेचा दाब 200 बार असतो. आमच्या पॉवरपॅकमध्येही, म्हणजे हायड्रॉलिकच्या पंपसंचात, एवढाच दाब असतो, पण तेल दबत नाही, हवा दबते, त्यामुळं भरलेला सिलिंडर म्हणजे ताणलेली स्प्रिंग. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचा. वॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग बोटानं बघा. चिरलेली असेल तर जोडल्यावर फुस्स आवाज येतो. मग तोंडात रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोटी, धरून चार श्वास घ्या आणि नजर दाब दाखवणाऱ्या गेजवर ठेवा. श्वासागणिक काटा खाली-वर नाचला तर वॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. शेवटी हवेचा वास. एका केंद्रावर हवेला डिझेलचा वास आला म्हणून मी मागं जाऊन बघितलं, तर कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड जनरेटरच्या धुराड्यापासून दोन हातांवर. आगाऊ दिलेले पैसे सोडले आणि परत आलो. बायको गाडीत काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं.

दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, डॉक्टरची चिठ्ठी आणा. सर्दी झाली तर तो दिवस सोडा. किनाऱ्यावर ऑक्सिजनची बाटली आहे का तेही बघून घ्या. विचारल्यावर ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्याकडं मी उतरत नाही.

परतीचं गणित तर आपल्या लोकांनी जास्तच बघायला हवं. एका डाइव्हनंतर 12 तास आणि लागोपाठ डाइव्ह केले असतील तर 18 तास विमानात बसायचं नाही, हे सगळे सांगतात. घाटाचं कुणी सांगत नाही. हे नियम 600 मीटरच्या वरच्या उंचीला धरून केलेत आणि बेळगाव आहे सुमारे 750 मीटरवर. म्हणजे मालवणला दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढणं हे विमानात बसण्यासारखंच. रक्तात विरलेला नायट्रोजन, सोड्याची बाटली उघडावी तसा, बुडबुडे धरू शकतो. आम्ही आता शेवटची रात्र सावंतवाडीत काढतो. मोती तलावाला चक्कर, रात्री सोलकढी-भात, सकाळी बाजारात लाकडी आंबे-केळी बघत बायकोची घासाघीस, आणि दुपारनंतर घाट.