गोठ्यातली बातमी दवाखान्यात उशिरा का पोचते? कोल्हापूर जिल्ह्यात या चुका टाळा

म्हैस गाभडली की आधी कुणाला कळतं? मालकाला. मग रेतनाला येणाऱ्या पोराला, आणि संध्याकाळी दूध घालायला आलेल्यांच्या गप्पांतून संस्थेच्या सचिवाला. चार दिवसांत गल्लीभर झालेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही बातमी महिन्या-दीड महिन्यानं पोचते, तीही मालक ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी घेऊन केसपेपर काढतो तेव्हा. तिथं त्याला कुणी म्हशीचं विचारत नाही आणि तोही सांगत नाही. दोन-तीनदा टायफॉइडची औषधं होतात, मग मणक्याचा फोटो, मग एखादा शहाणा डॉक्टर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभडलेल्या जनावरातून माणसाला होणाऱ्या जंतुरोगाची, तपासणी लिहून देतो.

पशुवैद्यक म्हणून जिल्ह्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघायला आपल्याकडे यंत्रं कमी नाहीत. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, औंधला जनावरांची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. अडतं ते पहिल्या फोनला. पुढच्या बहुतेक चुका त्या न झालेल्या फोनच्याच आहेत.

बैठक झाली म्हणजे काम झालं, असं धरणं

कोल्हापुरात आरोग्य म्हणजे एक खातं नाही. ग्रामीण भाग जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, शहर महापालिकेकडे, सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे. पशुसंवर्धनातही काही दवाखाने जिल्हा परिषदेचे, काही थेट राज्याचे. वानर मेलं तर वनखातं. आणि या सगळ्यांपेक्षा गोठ्यात जास्त वेळा पाय ठेवणारा माणूस दूध संघाचा डॉक्टर, जो बहुतेक वेळा कुठल्याच समितीवर नसतो. जिल्ह्याच्या बैठकीत प्रत्येक जण आपापला अहवाल वाचतो, चहा होतो, इतिवृत्त निघतं.

जिल्ह्याची बैठक असू द्या, पण खरं काम तालुक्यात होतं. तालुका आरोग्य अधिकारी आणि पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात बसतात. त्या दोघांनी एक कागद करावा: वनक्षेत्रपाल, दूध संघाचे डॉक्टर, साखर कारखान्याचे शेती अधिकारी आणि शेजारच्या तालुक्यातले समपदस्थ, सगळ्यांचे स्वतःचे मोबाइल नंबर. कार्यालयाचा लँडलाइन रविवारी कोण उचलतंय?

रिपोर्ट येईपर्यंत थांबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. "कन्फर्म झालं की कळवतो" म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो, पण कन्फर्म होईस्तोवर गाभडलेल्या म्हशीची वार, म्हणजे गर्भामागून पडणारी झार, हातानं ओढून काढलेली असते आणि ती कुत्र्यांनी गावभर केलेली असते. म्हणून निदानावर न अडता लक्षणांवर फोन करायचं आधीच ठरवून घ्या. आम्ही ठरवलं होतं ते असं: एकाच गावात महिन्याभरात शेवटच्या महिन्यांतल्या दोन म्हशी किंवा गायी गाभडल्या तर फोन. जंगलात किंवा शिवारात वानर मेलेलं दिसलं तर फोन. धडधाकट जनावर एकाएकी मेलं आणि नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त आलं तर लगेच फोन, आणि शवविच्छेदन अजिबात नाही. काळपुळीचा, म्हणजे फाशीचा संशय असताना कातडं फाडलं की जंतू हवेत बीजाणू धरतात आणि ती जागा वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तरी तेच. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो आपल्याच राज्यात.

उलट दिशेचा फोन सगळे विसरतात. एका वस्तीतले तीन-चार जण सारख्याच तापानं आले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पशुवैद्यकाला विचारावं, "तिकडं जनावरांत काय चाललंय?" याला दोन मिनिटं लागतात.

ब्रुसेलोसिस: दोन्ही खात्यांच्या मधे पडलेला आजार

इथं जरा थांबतो, कारण म्हशीच्या दुधावर चालणाऱ्या या जिल्ह्यात हा विषय दोघांचाही आहे आणि म्हणून कुणाचाच नाही. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, रेडकांना याची लस देतात. ती लस जिवंत जंतूंची असते. रेडकू उसळलं, सुई लसटोचकाच्या बोटात गेली, असं घडतंच. एकदा असा एक मुलगा जवळच्या दवाखान्यात गेला, तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवला. चूक डॉक्टरची कशी म्हणायची? लसीकरण चालू आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लसीकरणाची तारीख ठरली की त्या भागातल्या आरोग्य केंद्राला लसीचं नाव लेखी कळवा; सुई टोचली तर प्रतिजैविकांचा कोर्स लागू शकतो हे आधीच बोलून ठेवा. लस डोळ्यांत उडाली तरी तोच नियम. हातमोजे आणि चष्मा खोक्यात ठेवण्यासाठी दिलेले नसतात, हेही जाता जाता.

दवाखान्याच्या बाजूनं तीन प्रश्न पुरतात. घरी जनावरं आहेत का? कुठलं गाभडलं का? वार कुणी काढली? लांबलेला ताप, सांधे धरणं, पुरुषांत वृषणाची सूज असे रुग्ण टायफॉइड किंवा मणक्याचा क्षय समजून फिरत राहतात. निदान झालं तरी औषधं दोन आठवड्यांत बंद केली की दुखणं उलटतं. किमान सहा आठवडे आणि एकापेक्षा जास्त प्रतिजैविकं असा त्याचा हिशेब असतो.

आणि कच्चं दूध. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ पेला देतात, तालमीतली पोरं आणि पाहुणे मंडळी तो उभ्या उभ्या संपवतात. याविरुद्ध लिहिलं की कोल्हापुरात माणसाला वेड्यात काढतात, ठाऊक आहे. पण धारोष्ण दुधातून ब्रुसेला येतो, जनावरांचा क्षयही येतो. उकळी आली की दोन्ही मरतात. कट्टा बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या म्हशींची रक्ततपासणी नियमित व्हावी आणि निकाल आरोग्य विभागालाही कळावा, एवढं तरी होऊ शकतं. गावपातळीवर तर सोय आणखी सोपी आहे: संस्थेच्या एकत्र दुधाची चाचणी केली की कुठल्या गावाकडे आधी बघायचं ते कळतं, मग एकेका जनावराचं रक्त.

फक्त त्या चाचणीचा निकाल लागला की संस्थेनं त्या घराचं दूध नाकारलं, असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणी नमुना देणार नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानं अनुसूचित रोगाची शंका आली तर कळवणं मालकावर बंधनकारक आहे, पण कायदा दाखवून खरं बोलणारा माणूस मिळत नाही. कळवणाऱ्याचं दूध पाश्चरायझेशनसाठी वेगळं घ्यायची तजवीज आधी करा, मग त्याच्याकडून खरं बोलण्याची अपेक्षा धरा.

नकाशा तालुक्याच्या हद्दीवर संपवणं

गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा माकडताप पहिल्यांदा १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. गोव्यातल्या सत्तरीत २०१५ ला आणि दोडामार्गात २०१६ ला तो दिसला. दोडामार्ग आणि आपलं चंदगड यांच्यामध्ये तिलारीचा घाट आहे, भिंत नाही. काजूच्या हंगामात माणसं, जनावरं, जळण या वाटेनं रोज येतंजातं. चंदगडचा आजारी माणूस तर कोल्हापूरपेक्षा बेळगावला आधी जातो, त्यामुळे आपल्या आकड्यांत तो येतच नाही. बेळगावच्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांचा नंबर आपल्याकडे नसेल तर सीमेवरचं सर्वेक्षण अर्धंच होतं.

इथं खात्यांचा गोंधळ कसा होतो बघा. या विषाणूनं गाई-म्हशी आजारी पडत नाहीत. त्यामुळे पशुसंवर्धन म्हणतं, "आमची जनावरं ठणठणीत, हा आमचा विषय नव्हे." पण गोचिडी वाढतात त्या जनावरांच्याच अंगावर. वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पालापाचोळ्यात बसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून बायका जळण आणतात. वनरक्षकानं वानर पुरलं, पंचनामा झाला, विषय संपला, असं होता कामा नये. जागेची खूण करा, त्या भागात फवारणी करा, वाट चार-सहा आठवडे बंद ठेवा, गुरांवर गोचीडनाशक मारा, आशाताईंना घरोघर ताप विचारायला सांगा. हंगाम कोरडा, साधारण डिसेंबर ते मे. नोव्हेंबरात बैठक घेतली तर उपयोग. मार्चमधली बैठक म्हणजे फोटोपुरती.

ऊसतोडीचंही तसंच. बीडकडून येणाऱ्या टोळ्यांच्या बैलांचं लाळ्या-खुरकूताचं लसीकरण कागदावर त्यांच्या गावी होतं आणि बैल असतात शिरोळात. गाड्या कारखान्यावर नोंदवताना तिथंच टोचून घ्या, आणि त्याच दिवशी माणसांचीही तपासणी ठेवा.

पिसाळलेल्या म्हशीचं दूध आणि लसीची रांग

ही गोष्ट दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी गावात घडते. म्हैस लाळ गाळते, गिळत नाही. घशात काही अडकलं म्हणून मालक तोंडात हात घालतो. ती मरते, कुत्रं चावलं होतं हे मग आठवतं, आणि सकाळी दीडशे माणसं आरोग्य केंद्रावर लस मागायला उभी. कारण तिचं दूध संस्थेत गेलं होतं. साठा त्या रांगेत संपतो आणि ज्याच्या पोटरीचा लचका कुत्र्यानं तोडलाय तो संध्याकाळी तालुक्याला धावतो.

दूध उकळून प्यायलेल्यांना धोका नाही. कच्च्या दुधातूनही रेबीज झाल्याची सिद्ध झालेली घटना नाही. तसं प्यायलेल्यांची विचारपूस वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वेगळी करावी. लस आधी लागते ती तोंडात हात घालणाऱ्या मालकाला आणि पशुवैद्यकाला. हे गावात सांगायला दोन्ही डॉक्टर एकत्र उभे राहिले तर लोक ऐकतात. एकटा आरोग्यवाला बोलला तर लोक त्याला लस वाचवणारा म्हणतात. २०२२ च्या लम्पीतही हेच झालं. तो रोग माणसाला होत नाही हे पशुसंवर्धन सांगत होतं, पण लोकांना ते आपल्या डॉक्टरच्या तोंडून हवं होतं.

दुसरी चूक कुत्रं मारून टाकणं. जिवंत असेल तर बांधून दहा दिवस बघा, मेलं तर डोकं पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं तपासणीला जाऊ द्या. तोवर जखम साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायची आणि लस लगेच सुरू. कुत्र्याच्या निकालाची वाट बघत लस थांबवायची नसते.

पुरानंतर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीरमध्ये माणसं आणि जनावरं शेजारी शेजारी तंबूत होती. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि गुरांच्याही लघवीतून पाण्यात उतरतो. छावणीची आरोग्य तपासणी आणि जनावरांची तपासणी वेगवेगळ्या दिवशी कशाला? एकाच गाडीतून जा. पहिल्या तीन-चार दिवसांत केलेली अँटिबॉडीची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर रुग्णाला मोकळं सोडू नका. आठवड्यानं पुन्हा करा, आणि संशय पक्का असेल तर उपचार चाचणीसाठी थांबवू नका.

नमुना गेला, पण फुकट गेला

विषाणू शोधायचा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकणं, बर्फाशिवाय एसटीनं पाठवणं, चिठ्ठीवर ताप आल्याची तारीख न लिहिणं. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला डबा सोमवारपर्यंत कुठं असतो हे मी बघितलंय. माणसांचे आणि जनावरांचे नमुने एकाच गाडीतून पुण्याला जाऊ शकतात, फक्त डबे वेगळे, तीन आवरणांचे, आणि निघण्याआधी दोन्ही प्रयोगशाळांना फोन.

तरीही फोन लागत नसेल तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं: साहेबांची बदली झाली आणि कागदावर जुना नंबर राहिला. बदल्या मे-जूनमध्ये होतात, म्हणून तो कागद जूनमध्ये एकदा आणि ऊसतोडीआधी नोव्हेंबरात एकदा नव्यानं लिहा. एक प्रत आरोग्य केंद्रात, एक पशुदवाखान्यात, आणि एक दूध संस्थेत, जिथं फॅटचे आकडे लावतात त्या फळ्याशेजारी. तिथं ती दिवसातून दोनदा सगळ्या गावाच्या नजरेला पडते.