घरातला बेपत्ता माणूस शोधायचा, तर आधी फेरफार काढा

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घरातून गेले ते गेलेच. मागे तीन कहाण्या राहिल्या: इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईत पडले, मुंबईत गिरणीत लागून दुसरा संसार थाटला, काशीला गोसावी झाले. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे सांगीव गोष्टींवर माझा भरवसा बेताचाच. माणूस नाहीसा झाला तरी त्याचा जमिनीतला हिस्सा कुणाच्या तरी नावावर चढवावाच लागतो.

म्हणून पहिला अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षात. सातबारा नव्हे, जुना फेरफार मागा, म्हणजे गाव नमुना 6, जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद. काही जिल्ह्यांचे फेरफार सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून शब्दन् शब्द उतरवून घ्या, नुसता सारांश नको. 'मयत' लिहिलंय की 'बेपत्ता'? वर्दी कुणी दिली? आमच्या नोंदीत 'सात वर्षांवर ठावठिकाणा नाही' असं आहे. ही भाषा 1872च्या पुरावा कायद्यातल्या कलम 108ची: सात वर्षं खबर नसलेला माणूस मृत धरायचा. म्हणजे वर्दी देणाऱ्याकडे मृत्यूचा कागद नव्हता. पण नोंदीच्या तारखेतून सात वजा करून गेल्याचं वर्ष काढू नका. वारसनोंद बहुधा भाऊबंदकी पेटली की मगच होते!

कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्ममृत्यूची जुनी वही, तिच्यातली मृत्यूची पानंही चाळा.

फौजेची शंका असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं संकेतस्थळ फुकट आहे. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर बेपत्तांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची तिथे फक्त संख्या कोरली, नावं नोंदवहीत. आडनावावर अडून बसू नका. साहेबाच्या कारकुनाने पवारचा पोवार केलेला असतो, कधी आडनावच गाळलेलं असतं. पलटण, बापाचं नाव आणि गाव जुळवा. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इराकमधल्या कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या. 29 एप्रिल 1916ला शरणागती झाली. या पलटणींतल्या माणसाची मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत गेला असण्याचा संभव धरा.

घरातल्या म्हाताऱ्यांना 'ते कुठे गेले' असं विचारू नका, ठरलेली कहाणीच ऐकायला मिळेल. पालाशविधी, म्हणजे देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून केलेला अंत्यविधी, केला होता का, कुणी केला, थोरल्या काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कुंकू कधी पुसलं, हे विचारा. आमच्या काकींनी पुसलंच नाही. त्या वारल्या तेव्हा सवाष्ण म्हणूनच ओटी भरून त्यांना नेलं, असं आत्या सांगते. सासरी कुणाला मृत्यूची खात्री नव्हती, याला फेरफाराइतकंच वजन मी देतो.

गोसाव्याच्या कहाणीसाठी त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याचं पान निघतं. तिथे घरच्यांनी त्यांचं श्राद्ध घातल्याची नोंद शोधाच, पण बेपत्ता झाल्यानंतरच्या सालातली त्यांची स्वतःची सही आहे का, तेही बघा. आमचं नाशिकचं पान कोरं निघालं, युद्धाच्या यादीतल्या नावसारख्यांचे बाप जुळले नाहीत. काशीची वही अजून बघायची आहे.