पावसाळी पात्रता फेरीसाठी हॉकीचं मैदान: आधी डी, मग बाकी सगळं

शालेय हॉकीच्या जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या फेऱ्या बहुधा पावसाळ्यातच येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मैदानं सड्यावरची: खाली कातळ, वर वीतभर माती. पाणी मुरायला जागा नसते, ते साचतं. पात्रता फेरी बाद पद्धतीची असली तर एका पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल हल्ला करणाऱ्यांना मागच्या रेषेवरून चेंडू ढकलायला मिळतो तो) संघ घरी जातो. तो निकाल मुलांच्या खेळाने लागावा, चिखलाने नव्हे. म्हणून मनुष्यबळ कमी असेल तर सगळं डीवर, म्हणजे गोलसमोरच्या इंग्रजी D आकाराच्या जागेवर लावा.

गवत दोन-तीन दिवस आधी बारीक कापून, कापलेलं गवत उचलून बाहेर टाका. ते कुजलं की निसरडं होतं. पाण्याचा चर उताराच्या बाजूने, रेषेपासून निदान तीन मीटर सोडून खणा. ओल्या मातीवर रोलर फिरवू नका. वरचा थर दाबला जातो आणि पाणी वरच थांबतं. खड्ड्यातला चिखल आधी पूर्ण काढा, मग कोरडी माती थराथराने भरून धुमसाने ठोका. चिखलावरच माती टाकली तर पहिल्याच सामन्यात ती उखडते.

आखणीला आधी एक बाजूरेषा धरा: 91.40 मीटर. कोपऱ्यावर 9, 12 आणि 15 मीटरचा त्रिकोण लावून काटकोन काढा आणि 55 मीटरची मागची रेषा टाका. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा, दोन्ही 106.67 मीटर यायला हवेत. फरक दिसला तर पुढे जाऊ नका, कोपरा सरकवा. रेषांची जाडी 75 मिलिमीटर, आणि ती मैदानाच्या आत धरायची. मधली रेषा आणि दोन्हीकडे मागच्या रेषेपासून 22.90 मीटरवरच्या रेषा सोप्या आहेत.

चुकते ती डी. गोलच्या मध्यावर खुंटी ठोकून अर्धवर्तुळ फिरवलं की डी चुकलीच. केंद्रं दोन असतात: प्रत्येक खांबाचा आतला, पुढचा कोपरा. तिथून 14.63 मीटरने एकेक पाव वर्तुळ काढा आणि दोन्ही टोकं 3.66 मीटरच्या सरळ रेषेने जोडा. माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची ताणली की लांबते, टेपच वापरा. पडताळणी अशी: डी मागच्या रेषेला जिथे मिळते तिथून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडे 11.04 मीटर भरलं पाहिजे. डीच्या बाहेर 5 मीटरवर तुटक रेषा, 30 सेंटिमीटरचा तुकडा आणि 3 मीटरची मोकळी जागा.

गवतावर आदल्या संध्याकाळी उघडीप मिळाली की पाण्याचा पांढरा रंग मारा, सकाळी वरून फक्की. कळीचा चुना अजिबात नको. ओला झाला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर इजा मोठी. रेषेसाठी चर काढून फक्की भरण्याची पद्धतही सोडा, चेंडू त्यावरून उडतो. रेषा साडेपाचशे मीटरहून जास्त भरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा मारायला पुरेल इतकी फक्की प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. कोपऱ्यांच्या सरळीत, मैदानाबाहेर खुणेच्या खुंट्या ठेवल्या तर सरीनंतर पुन्हा मोजत बसावं लागत नाही.

गोल 3.66 बाय 2.14 मीटर. आतली फळी 460 मिलिमीटर उंच असते, आणि हे माप शोभेचं नाही. पेनल्टी कॉर्नरवर गोलवरचा पहिला फटका हिट (काठी फिरवून मारलेला) असेल तर चेंडू गोलरेषा त्याहून वर ओलांडता कामा नये, आणि पंच फळीकडे बघूनच ठरवतात. गोलीच्या पायांनी तिथली माती उकरली जाते, फळी अधांतरी राहते. दर सामन्यानंतर माती भरून पातळी बघा. गोलच्या मागच्या पट्टीवर वाळूची पोती टाका, नाहीतर मुलं जाळीला लोंबकळली की गोल पुढे उलटतो.

आता सगळ्यात मोलाची जागा: डीच्या माथ्याबाहेरचे दोन मीटर. पेनल्टी कॉर्नरवर गोल मारण्याआधी चेंडू डीबाहेर जावा लागतो, म्हणून हल्ला करणारे तो तिथेच अडवतात. मागच्या रेषेवर खांबापासून 10 मीटरच्या खुणेवरून माथ्याकडे चेंडू ढकलून बघा, अंतर साधारण 19 मीटर. पाच-सहा चेंडूंपैकी एकही उडाला तर ती जागा हाताने चाचपा. बहुतेक वेळा गवताचा गड्डा किंवा चिऱ्याचा खडा निघतो. तो काढून ठोका. चेंडू उडून तोंडावर जाऊ शकतो, म्हणून बचाव करणाऱ्या पाचांपैकी गोली सोडून चौघांना मास्क आणि माउथगार्ड हवेतच. संघांचा सराव डीच्या बाहेर घ्या. दोन सामन्यांत वीस मिनिटं ठेवली तर पोत्यांनी आणि स्पंजने पाणी टिपून डी पुन्हा मारता येते.

गडगडाट ऐकू आला की सामना थांबवून मुलांना पक्क्या इमारतीत न्या. झाडाखाली किंवा पत्र्याच्या मांडवात उभं करू नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं गेली की मगच खेळ सुरू करा, आणि त्याआधी ढकललेला चेंडू डीत कुठे अडतो का ते पुन्हा बघा.